पावडरीचा गुण

“मॅडम, वहिनीच्या गोळ्या आता बंद! इम्युनिटी तयार झालीय.”

कल्पनाचा दीर सुरेश याने पावडरीचा डबा माझ्या टेबलावर आपटला. मी शहापूरला एचआयव्हीच्या सेंटरमध्ये काउन्सेलर. म्हणजे ‘रोज गोळी घ्या’ सांगून घसा कोरडा करणारी बाई. कल्पना डोळखांबकडच्या पाड्यावरची, पोटुशी. नवरा वीटभट्टीवर, म्हणून सोबत हे महाशय.

“मागला रिपोर्ट चांगला आला ना ताई,” कल्पना म्हणाली. “भावजी बोलले, पावडरीचा गुण. मंग मी गोळ्या सोडल्या.”

तो रिपोर्ट व्हायरल लोडचा. रक्तात विषाणू किती, ते त्यात कळतं. तिच्या रक्तात सापडला नव्हता. राबल्या गोळ्या आणि हार पावडरीच्या गळ्यात!

सुरेशने मोबाइलवर व्हिडिओ लावला. “परदेशात बघा. शरीराची ताकद वाढवतात, गोळ्या बंद!”

“खरंय,” मी म्हटलं. गडी फुलला. “पण तिथे अजून प्रयोग चाललेत. गोळी थांबवली की डॉक्टर सारखं रक्त तपासतात. विषाणू वर आला की गोळ्या परत सुरू. तुमची पावडर कुठल्या शास्त्रज्ञाची?”

“मुरबाडच्या सेमिनारला भेटली.”

वा! केवढी मोठी प्रयोगशाळा!

मी कल्पनाकडे वळले. “विषाणू गेला नाय गो, लपून बसलाय. गोळी थांबली की उठतो. बाळाला लागला म्हणजे?”

तिला रडू फुटलं. “पोरासाठीच सोडल्या ताई. गोळ्यांची गरमी नको त्याला.”

मला सुरेशचा असा राग आला की तो डबा त्याच्याच डोक्यावर रिकामा करावा. पण सरकारी टेबलावर तशी सोय नाही.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. लोड चांगलाच वाढला होता. पुढचे महिने मी फोन करकरून कल्पनाला पिडलं. बाळंतपणाआधी लोड खाली आला. मुलगी झाली. तिलाही औषध दिलं. पुढे तिच्या तपासण्या होत गेल्या आणि प्रत्येक वेळी माझाच जीव टांगणीला.

शेवटची टेस्टही निगेटिव्ह आली. कल्पनाने मला मिठी मारली. दोघीही रडलो.

सुरेश पेढे घेऊन हजर. “बघितलं ना मॅडम? मी पावडर चालूच ठेवली होती!”

मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे तोंड बंद राहतं. श्रेय कुणीही घ्यावं, गोळी पोटात गेली की झालं. तो बाहेर गेल्यावर कल्पनाला विचारलं, “पावडर खरंच घेतेस?”

“नाय ओ ताई. गोळी मी घेते, पावडर कोंबड्यांना टाकते.”

कोंबड्यांची इम्युनिटी उत्तम आहे म्हणे.