डाव्या हाताची खबर

त्या मार्गशीर्षात रोज सकाळी आमच्या घराला डिझेलचा वास येत असे. सदाशिव पेठेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे पत्र्याची एक लांबट पडवी आहे. तिथे माझ्याच दूध तापवायच्या जुन्या पातेल्यात गंजलेले बोल्ट भिजत पडलेले असत, आणि कोवळं ऊन पत्र्याच्या फटीतून उतरून त्या काळपट द्रवावर मोरपिशी तवंग उमटवी. तो तवंग सुंदर होता, हे मी नाकारत नाही. पण मला त्या वासाची भीती वाटायची, कारण तो वास आला की यंत्र चालू व्हायला आणखी एक दिवस कमी उरला, एवढंच मला समजे.

यंत्र ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं. हे पॅटर्नमेकर. ओतकामाच्या कारखान्यात लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते, ती घडवण्यात ह्यांची एकतीस वर्षं गेली. त्या खात्यातलं लाकूड घासायचं जुनं यंत्र, एका अंगाला पॉलिश पेपरचा फिरता उभा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला ताटाएवढी फिरती तबकडी असलेलं, दोघांना न उचलवणारं बिडाचं धूड, कारखान्याने मोडीत काढलं आणि ह्यांनी भंगारवाल्याकडे शोधून ते टेम्पोतून घरी आणलं. आता ह्याच्याशीच संसार करा, असं मी म्हणाले. पहिला तरी कुठे वाईट झाला, एवढंच उत्तर मिळालं.

थट्टेने भीती झाकता येते, घालवता येत नाही. गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सावरला, वाचा सावरली, डावा हातही हलू लागला. पण त्या हाताची संवेदना काही परतली नाही. हात काम करील, पण त्याला काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कळणार नाही म्हणजे काय, ते मला एका दुपारी उमगलं. हे ओट्याशी उभे राहून माझ्याशी बोलत होते, डावा पंजा तापल्या तव्याच्या कडेवर टेकलेला, आणि बोलण्यात तसूभर खंड नाही. वास मला आला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी तो हात मांडीवर घेऊन, वह्या तपासाव्यात तसा, बोटाबोटाने तपासते. अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवण्यात गेली, लाल शाई माझ्या अंगवळणी पडलेली. पण ह्या तपासणीत कुठे लाल दिसू नये म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

आणि असा हात घेऊन हे त्या पट्ट्यापुढे उभे राहणार होते.

मी विरोध केला नाही असं नाही. पण ज्या माणसाच्या हातातून एकतीस वर्षांचं कसब एका पहाटेत ओघळून गेलं, त्याला नको म्हणायला जीभ रेटत नाही. ह्यांनी एका हाताच्या भरवशावर बेअरिंगं उपसली, तबकडीला चिकटलेला जुनाट कागद खरवडला, गंजाच्या पापुद्र्याखालून राखी लोखंड उजेडात आणलं. मी मात्र मनोमन प्रार्थना करत होते की मोटार जळालेली निघो. ती धडधाकट निघाली; गेला होता फक्त कपॅसिटर, मोटारीला सुरुवातीची चालना देणारा. तो बुधवार पेठेतून आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी गेले, दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिले, आणि परत येऊन दुकान उघडलंच नव्हतं असं धडधडीत खोटं सांगितलं. हे दोन दिवस पडवीत उजव्या हाताने डावा हात चोळत नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी निमूटपणे कपॅसिटर आणून दिला. भ्यालेलं माणूस किती दुष्ट होऊ शकतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

यंत्र चालवून पाहायच्या सकाळी ह्यांनी मला एक काम दिलं. पट्ट्याच्या वरच्या टोकाशी एक नॉब असतो. पट्टा कडेला सरकू लागला की तो किंचित फिरवून पट्टा मध्यावर आणायचा. भिंतीवरचं बटणही माझ्याच हाताशी होतं. यंत्र गुरगुरत सुरू झालं, ह्यांनी सागाचा एक तुकडा पट्ट्याला लावला, आणि पडवीभर सागाच्या भुशाचा उबदार, गोडसर वास पसरला. ह्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान असणार. मी पाहिलं नाही. मी डाव्या हाताची बोटं आणि पट्टा यांच्यातलं अंतर पाहत होते, आणि लाकूड झिजत होतं तसतसं तेही झिजत होतं.

तेवढ्यात मान न वळवता हे म्हणाले, "वाढव."

मी नॉब वाढवला. म्हणजे अंगात होता नव्हता तेवढ्या जोराने पिळला. पट्टा सर्रकन कडेला गेला, लोखंडावर घासला आणि चाबूक ओढावा तसा आवाज करत फाटला. बटण मी कधी दाबलं, ते आठवत नाही.

ह्यांच्या खात्यात कोणी यंत्र 'बंद कर' म्हणत नसे. बंद हा शब्द कामगाराच्या पोटावर येणारा. म्हणून यंत्र वाढवायचं, जसं दुकान वाढवतात, देवापुढे नारळ वाढवतात, फुटलेली बांगडीसुद्धा वाढवली म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर हाच धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले. अशुभ उच्चारायला नको म्हणून भाषा कसा उलटा शब्द योजते, ते फळ्यावर, उदाहरणांसकट. लाकूड संपत आल्याचं ह्यांना बरोबर दिसलं होतं. हे 'थांबव' म्हणाले होते, आणि मराठीच्या बाईंना मराठी कळलं नाही.

भुसा उन्हात हळूहळू खाली बसत होता. हे डावा हात उजेडाकडे धरून उभे होते. तो भुशाने असा माखला होता की डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि आतून खबर येणार नव्हती. मग उजव्या हाताने ह्यांनी माझा दंड धरला, बुडणाऱ्याने काठ धरावा तसा. इतके दिवस घाबरण्याचं काम ह्या घरात मी एकटीच करते, असं मी धरून चालले होते.

"सुनंदा, बघ गं," हे म्हणाले. "लागलंय का मला?"

मी पदराने भुसा पुसत गेले. करंगळी ठीक होती. अनामिका ठीक होती. मधल्या बोटाच्या पेरावरचं नखाएवढं कातडं गेलं होतं आणि तिथे रक्त जमू लागलं होतं. मी हात नळाखाली धरला. पाणी बर्फासारखं गार होतं. चटकन बोटं मागे घेतली ती मी. हे शेजाऱ्याचं बोट पाहावं तसे त्या बोटाकडे पाहत राहिले.

"किती दुखत असेल?"

आयुष्यभर शब्दांची उठाठेव केली. पण दुसऱ्याचं दुखणं त्यालाच सांगायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. थोडं म्हणावं तर तो दिलासा झाला असता, आणि ह्यांना दिलासा नको होता.

"बरंच," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली आणि हे माझ्या शब्दावर विसंबून, अगदी हळू म्हणाले, "आई गं."