गडग्यापलीकडचं गूळपाणी

गुळाचा वास आला की तळेऱ्याहून आमचं घर बघायला आलेला तो माणूस आठवतो. दोन आवारांमधल्या गडग्याच्या दगडांवरून शेजाऱ्याशी हाडवैर झालं, म्हणून बाबा घर विकायला निघाले होते. नवा चुना दिलेल्या भिंती ते कौतुकाने दाखवत होते, तर हा उठून थेट त्या शेजाऱ्याकडेच गेला. आता शेजारी आमची लक्तरं काढणार, म्हणून आईने डोक्याला हात लावला. तासाभराने शेजाऱ्याने आग्रहाने दिलेलं गूळपाणी पिऊन माणूस परतला आणि म्हणाला, "सांगलात त्यापेक्षा जास्त दितंय. घर खंयय बांधूक येता, असो शेजारी खंय गावतलो?" बाबा खुळ्यासारखे गडग्याकडे बघत राहिले. घर त्यांनी विकलं नाही, पण शेजाऱ्याशी मरेपर्यंत बोललेही नाहीत. आज त्याच घराच्या ओटीवर बसते, तरी बाबांनी राखलं ते नेमकं काय, हे मला अजून उमगत नाही.