नोंदताईंचा नियम

आमचं गाव तालुक्याचं ठिकाण आहे, हे बाहेरून आलेल्याला सांगावं लागतं. कचेरी, कोर्ट, दवाखाना आणि धक्का, सगळं एकाच रस्त्यावर. कोर्टाबाहेर वादी-प्रतिवादी एकाच बाकावर बसतात, कारण बाक एकच आहे. रस्ता संपतो तिथे बंदराची खोली. तिथल्या कारकून बाईंना सगळे नोंदताई म्हणतात.

खोलीच्या भिंतीवर खिळ्यांच्या दोन ओळी आहेत. वरची ‘बाहेर’, खालची ‘आत’. प्रत्येक होडीच्या नावाची एक लाकडी पट्टी. होडी गेली की पट्टी वर, आली की खाली. अंधार पडल्यावर एखादी पट्टी वरच राहिली तर शोधाची लाँच सुटते. नोंदताई खिडकीतून होडीचा रंग ओळखून पट्ट्या हलवायच्या. कुणी येऊन सांगायची गरजच नव्हती.

ताईंनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ आणि भावजय जवळच राहत. भावाची स्वतःची होडी होती. त्या वर्षी त्याने ती हिरवी रंगवली. रविवारी जेवताना म्हणाला, “रंग उरला तो शेजाऱ्याला दिला. वाळून जायचा नाहीतर.” शेजाऱ्याची होडी तोवर निळी होती. ताईंनी ऐकलं आणि विसरल्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी हिरवी होडी आत आली. ताईंनी भावाची पट्टी खाली लावली. कुलूप लावताना पाहिलं तर शेजाऱ्याची पट्टी वरच. त्यांनी शिपायाला त्याच्या घरी पिटाळलं. तो येऊन सांगतो, “जेवतोय की मजेत. म्हणाला, ताईंना चष्मा लागला वाटतं.” ताई हसल्या, तीही पट्टी खाली लावली आणि घरी गेल्या.

उशिरा भावजय बंद खिडकीच्या काचेतून पट्टी पाहून गेली. आत. म्हणजे स्वारी पत्ते कुटत बसली असणार. तिने रागाने दाराला कडी घातली. सकाळी नणंदेच्या दारात आली ती भांडायलाच.

“वन्सं, तुमच्या लाडक्या भावाला चार शब्द सुनावा. मी सांगून थकले. रात्रभर घराकडे फिरकले नाहीत.”

ताई तशाच, चप्पल न घालता, धक्क्याकडे धावल्या.

भाऊ दुपारी समुद्रात सापडला. त्याने स्वतःला रिकाम्या पिंपाशी दोरीने बांधून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत असावा.

चौकशी कचेरीत झाली. साहेब भला माणूस. म्हणाला, “पट्टी वाऱ्याने पडली आणि कुणीतरी उचलून चुकीच्या खिळ्याला लावली, असं लिहू ना?” शिपाई मान हलवत होता, शेजारीही. मागे बसलेल्या भावजयीलाही तेच खरं वाटत होतं. ताईंनी दोन दिवस काही खाल्लं नाही म्हणून तिने डबा आणला होता.

“वारा नव्हता साहेब,” ताई म्हणाल्या. “मीच लावली. रंग पाहून.”

भावजय डबा उचलून निघून गेली.

ताईंना सहा महिने घरी बसवलं. मग परत बोलावलं, कारण त्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. आल्या दिवशीच त्यांनी नियम केला. होडीवरच्या प्रत्येकाने खिडकीशी येऊन पूर्ण नाव सांगायचं, मगच पट्टी खाली.

“ताई, लहानपणी माझे कान पिळलेत तुम्ही, आणि आता नाव विचारता?” पहिल्याच होडीवरचा एकजण म्हणाला.

“नाव सांग.”

माझी लेक मासळीच्या तपासणीसाठी होड्यांवर जाऊ लागली, तेव्हापासून संध्याकाळी मीही तिथे असते. तिचं नाव कानावर पडेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो. म्हणून रांगेत तिच्या मागून येणारं नावही रोज ऐकते.

भावजय आता शेजाऱ्याच्या होडीवर जाळी ओढायला जाते. घर चालवायला हवं. दोघींत बोलणं नाही, पण नियम तिलाही आहे. खिडकीशी येऊन, ताईंकडे न बघता, ती पूर्ण नाव सांगते. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. ताई पाठ फिरवून पट्टी खाली लावतात, आणि लावून झाल्यावरही थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. मागच्या रांगेतलं कुणी तेव्हा घाई करत नाही.