हेडरमध्ये चिकटवलेली ओळ

कुणावर लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण येरमाळ्याच्या माझ्या मावशीच्या यजमानांइतका शिस्तीवर जीव टाकणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात दुसरा नसेल, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. हायवेलगत त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात ते वेबसाइटच्या थीम, म्हणजे तयार साचे, बनवतात. थीमला रंगरूप देणाऱ्या फाइली वेगळ्या, पान हलतं ठेवणाऱ्या स्क्रिप्ट वेगळ्या. या सगळ्यांच्या ओळी पानाच्या माथ्याच्या, म्हणजे हेडरच्या, फाइलीत थेट चिकटवल्या तरी पान दिसतं; काकांना मात्र ती लबाडी वाटते. प्रत्येकीचं नाव आधी थीमची कामं ठरवणाऱ्या फंक्शन्सच्या फाइलीत नोंदवायचं, ती कुणाच्या आधारावर चालते ते सांगायचं, म्हणजे ती आपल्या पाळीनं आणि एकदाच येते. आधाराची फाइल मागं राहून स्क्रिप्ट पुढं आली की लाल अक्षरांत चुका उमटतात. "लेकरू आईच्या आधी जत्रंत पोचलं तर रडंल न्हाय तर काय?" हे ते गिऱ्हाइकांनाही समजावत, आणि ती माणसं दाखल्याची वाट बघत माना डोलावत. घरीही तेच. ताटात भाकरी पडल्याशिवाय कालवण वाढू द्यायचे नाहीत. मावशी एकदा म्हणाली, "तुमची भाकरी कुणाच्या आधारावर हाय, ते बी लिहून ठिवा कुठंतरी." काका हळूच म्हणाले, "तुझ्याच की." मावशी चुलीकडं तोंड करून हसली.

गावोगावच्या शाळा-वाचनालयांना फुकट वापरता यावी म्हणून त्यांनी एक मराठी थीम बांधली होती. मोफत थीमच्या भांडारात ती घेतली जावी, एवढीच त्यांची इच्छा. तिथं तपासणीला नंबर लागायला महिने जातात. पाठवायच्या दिवशी सरकत्या फोटोंचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मला येडशीहून रेल्वे गाठायची होती. मी स्क्रिप्टची ओळ हेडरमध्ये चिकटवली, फोटो छान सरकले. काकांनी माझ्या भरवशावर ती फाइल उघडूनही पाहिली नाही. थीम परत आली ती त्याच एका ओळीपायी, आणि नंबर पुन्हा शेवटी गेला.

मी कबूल केलं तेव्हा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची सरकवून मला बसवलं, माझ्याच हातानं ती ओळ काढायला लावली आणि स्क्रिप्ट फंक्शन्सच्या फाइलीत नीट नोंदवून घेतली. फोटो तर सरकत होते, असं मी पुटपुटलो. "आज सरकत्यात," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणी हीच फाइल आणली की दोघींचं भांडण. आपून तिथं नसताना बी चाललं पायजे, बाबा."

पुढं मी वसतिगृहात राहायला आलो. रविवारच्या फोनवर थीमचं विचारायचं मला धाडस होत नसे. काकाच सांगत, अजून नंबर आला नाही, तू अभ्यास कर. परवा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आत जाताना मावशीचा फोन आला.

"थीम घेतली बघ त्यांनी. सकाळधरनं काका जेवले न्हायत, नुसतं स्क्रीनकडं बघून हसायलेत. तुझा पेपर झाल्यावर सांग म्हणले हुते, पर माझ्यानं ऱ्हावलं न्हाय."