ओझ्याखाली

शंकर नगरच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर रोज एक म्हातारी बाई असायची. अर्धांगवायूनं लुळा पडलेला तिचा उजवा हात आता कुठे थोडा उचलू लागला होता. त्या हातावर वाळूची पिशवी बांधली की ती मोठमोठ्यानं कण्हायची, पण हात खाली येऊ द्यायची नाही. व्यायाम झाला की डाव्या हातानं वहीत एक शब्द लिहायची. बायबलमधला, मूळ ग्रीक भाषेतला. अक्षरं वाकडी, पण रोज एक.

तिच्या कण्हण्याचा मला राग यायचा. माझा खांदा आखडलेला होता आणि मी दात आवळून गप्प सोसायचो. एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, थोडा धीर धरा ना."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. "धीरच धरून राहिली, भाऊ. हा पाहा, बायबलातल्या 'धीर'चा मूळ शब्द. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं. चूप राहा, असं त्यात कुठंच नाही." मग वही मिटत म्हणाली, "मी नर्स होती. जिंदगीभर पेशंटले सांगितलं, धीर धरा, आवाज करू नका. चुकीचं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी फिजिओनं माझा हात वर नेला. रोज ठरल्या जागी मी "बस" म्हणायचो आणि तो सोडून द्यायचा. त्या दिवशी "बस" म्हटलं नाही. बेंबीच्या देठापासून ओरडलो. हात त्या जागेच्या पुढे गेला.

सगळे वळून पाहू लागले. मावशीनं वहीतून मानही वर केली नाही.

"हव," ती म्हणाली, "आता धरला धीर."