मावशींनी काढलेली तारीख

दवाखान्यातल्या गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीत मावशींचं टेबल खिडकीपाशी होतं. टेबलावर टेप, वजनाची वही, एक पेन आणि एक पुठ्ठ्याची गोल चकती. चकती फिरवली की बाळंतपणाची तारीख निघते. मावशींनी तिला कधी हात लावला नाही. त्या चकतीवर त्यांचा चहाचा कप असायचा.

"बोटं असताना पुठ्ठा कशाला फिरवू?" त्या म्हणायच्या.

सत्तावीस वर्षं त्या याच खोलीत नर्स होत्या. त्यांना सगळे कॅलेंडर मावशी म्हणायचे, आणि हे नाव त्यांना मनापासून आवडायचं. शेवटची पाळी सुरू झाली तो दिवस सांगा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा, झाली तारीख! नवीन पोरगी घाबरून विचारायची, "मावशी, मला तर महिनाच झालाय, तुम्ही सहा आठवडे कसे लिहिलेत?" त्यावर मावशी खो खो हसायच्या. "अगं, पहिले दोन आठवडे सगळ्यांनाच फुकटचे मिळतात. आपण पाळीपासून मोजतो ना, तेव्हा बाळाचा पत्ताही नसतो. पहिले तीन महिने ओकाऱ्यांचे, मधले तीन जरा सुखाचे, शेवटचे तीन कूस बदलताना देव आठवायचे. आणि मी तारीख दिली म्हणजे बाळ त्याच दिवशी बॅग घेऊन दारात उभं राहील असं नाही हं. दोन आठवडे इकडे, दोन तिकडे."

पण एवढं सोपं असतं तर चकतीनंही भागलं असतं. मावशींची खरी हुशारी तारखेच्या आधी होती. पाळी किती दिवसांनी येते, नियमित येते का, हे विचारल्याशिवाय त्या बोटांवर मोजायच्या नाहीत. आणि ते विचारण्याआधी खोली रिकामी करायच्या. नवरा बाहेर. सासूबाई तर आधी बाहेर. एखादी सासू अडून बसली की मावशी गोड हसून म्हणायच्या, "तुम्ही बसलात ना, की ही मला सगळं 'हो, ठीक' असंच सांगेल. मग मी तारीख काय कपाळ काढू? जा, बाकावर बसा." मोठमोठ्या खमक्या सासवा मुकाट्यानं बाकावर जाऊन बसल्या होत्या. कोणाची बिशाद नव्हती.

आणि मग मावशींच्या स्वतःच्या सुनेला दिवस गेले.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. शांत मुलगी, बोलणं मोजकं. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून ती घरी यायची, तेव्हा तिच्या वाट्याचं बोलायचं काम मावशीच करून टाकायच्या. बातमी कळली ती रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर. मुलगा लाजत होता, सासरे पाणी पीत होते, आणि मावशींना धीर कुठला! "कधी आली होती शेवटची?" त्यांनी पोळी हातात धरूनच विचारलं. सून खाली बघत म्हणाली, "चार तारखेला."

"चार आणि सात अकरा. नऊ महिन्यांनी, अकरा तारीख!" मावशींनी टाळी वाजवली. सासरे हसले, मुलानं लगेच फोनवर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीच तारीख मावशींनी स्वतःच्या हातानं फाईलवर लिहिली.

पाचव्या महिन्यात पहिली सोनोग्राफी झाली. डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मावशी, बाळ तीन आठवडे लहान दिसतंय. तारीख नक्की आहे ना?"

"मॅडम, तारीख मी काढलीय," मावशी म्हणाल्या.

विषय संपला. मॅडम नवीन होत्या तेव्हा पोटावर टेप कसा धरायचा हे त्यांना मावशींनीच दाखवलं होतं. त्या पुढं बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं खरं तर, पण मावशींपुढं तोंड उघडायचं म्हणजे!

मग घरात एकच धोशा सुरू झाला: खा. दूध घे, अंडं खा, अजून एक केळं खा. पोट वाढत नाही, बाळ वाढत नाही, तू खातेस तरी काय? मावशी प्रेमानंच म्हणायच्या, पण दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. सून मान खाली घालून खायची. कधीकधी खाऊन झाल्यावर न्हाणीघरात जाऊन तोंड धुवायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. मावशींना वाटायचं, मळमळत असेल.

छत्तीस आठवडे भरले तेव्हा मॅडमनी निर्णय घेतला. बाळ पोटात खुरटतंय, जास्त दिवस आत ठेवण्यात धोका आहे. सोमवारी सदतीस पूर्ण होतात, सोमवारी कळा आणायची औषधं सुरू करायची, नाही जमलं तर ऑपरेशन.

शुक्रवारी सून शेवटच्या तपासणीला आली होती आणि मावशी टेबलाशी बसून सोमवारचा कागद भरत होत्या. फाईलमधले आकडे उतरवायचे होते. पोटाचं माप सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकंच भरायला हवं; इथं अठ्ठाविसाव्या आठवड्यात पंचवीस. बत्तिसाव्यात एकोणतीस. छत्तिसाव्यात तेहेतीस.

पेन थांबलं.

मावशींनी पुन्हा वाचलं. पंचवीस, एकोणतीस, तेहेतीस. खुरटणारं बाळ दर वेळी जास्त मागं पडतं. हे तर दर चार आठवड्यांनी चोख चार वाढत होतं. तीन मागं होतं आणि तीनच मागं राहिलं होतं. बाळाचं पहिलं हलणंसुद्धा पाच महिने उलटल्यावर कळलं होतं, तेही तीन आठवडे उशिरा. दुसऱ्या कोणाची फाईल असती तर मावशींनी पहिल्याच नजरेत ओरडून सांगितलं असतं, की बाळ ठणठणीत आहे, तारखेचं घोडं पेंड खातंय! मग सोमवारी सदतीस नाही, चौतीसच भरणार होते. चौतीस आठवड्यांचं बाळ, धड श्वास घेता येईल की नाही याचा भरवसा नसलेलं, आपण ओढून बाहेर काढणार होतो. तेही आपल्या हातानं लिहिलेल्या तारखेवर.

मावशींनी पेन खाली ठेवलं. पाळी किती दिवसांनी येते, हा प्रश्न आपण हिला विचारलाच नव्हता.

त्या उठल्या. मॅडम सुनेचा रक्तदाब बघत होत्या. "मॅडम," मावशी म्हणाल्या, "हिला पाळीचं सगळं पहिल्यापासून विचारा. तुम्ही विचारा. मी बाहेर बसते."

"तुम्ही का बाहेर?" मॅडम गोंधळल्या.

"मी सासू आहे तिची," मावशी म्हणाल्या आणि दार लोटून बाकावर जाऊन बसल्या. शेजारी दुसऱ्या कोणाची सासू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सरकून जागा दिली. मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बूड टेकलं होतं, आणि तो इतका कडक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दहा मिनिटांनी मॅडमनी आत बोलावलं.

"सात आठवड्यांनी येते हिची पाळी," मॅडम म्हणाल्या. "वयात आल्यापासून असंच आहे. म्हणजे चाराऐवजी सात, तारीख तीन आठवडे पुढं. आपली पहिली सोनोग्राफी हेच सांगत होती, मावशी."

'मग बोलली का नाहीस?' हे वाक्य मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पण सुनेला ते दिसलंच.

"बाबा समोर बसले होते, आई," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही लगेच तारीख सांगितलीत. सगळे म्हणतात तुमची तारीख चुकत नाही. मग बाळ लहान आहे म्हणालात, तेव्हा मला वाटलं मीच त्याला उपाशी ठेवतेय. मी खात होते हो. खरंच सगळं खात होते." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

मावशींनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "तू काही कमी केलं नाहीस. ऐकतेस ना? चूक माझी. शंभर टक्के माझी. मी जगाला विचारते ते तुला विचारलं नाही." मग मॅडमकडं वळून, आवाज जरासुद्धा न दबवता त्या म्हणाल्या, "अकरा तारीख खोडा. माझी चूक म्हणून लिहा. त्याच्या पुढच्या महिन्याची दोन तारीख."

मॅडमनी त्याच दिवशी पुन्हा सोनोग्राफी केली. बाळाला रक्त उत्तम पोचत होतं, त्याच्याभोवती पाणी भरपूर होतं. सोमवारचा कागद फाडला गेला. आठवड्याला एकदा तपासायचं आणि वाट बघायची, एवढंच ठरलं.

घरात 'खा' हा शब्द बंद झाला. मावशींना ते फार जड गेलं, पण त्यांनी पाळलं. शेजारणींनी विचारलं, "काय हो, अकरा तारीख तर गेली?" तर त्या फटकन सांगायच्या, "मी चुकले होते." दोनदा सांगितल्यावर त्यांना त्याचं काही वाटेनासंही झालं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी कळा आपल्या आपण सुरू झाल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास मुलगी झाली आणि तिनं असा टाहो फोडला, की बाहेर बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. मावशींनी तिला पुसलं, काट्यावर ठेवलं, आकडा मोठ्यानं वाचला आणि दुपट्यात गुंडाळून सुनेच्या कुशीत दिली.

सून घामानं निथळत होती. तिनं बाळाकडं पाहिलं, मग मावशींकडं.

"आई, वजन किती म्हणालात?"

"तीन किलो शंभर ग्रॅम."

"पुन्हा सांगा."

"तीन किलो शंभर," मावशी म्हणाल्या. आणि सून डोळे मिटून विचारतच राहिली, तेव्हा तिसऱ्यांदाही सांगितलं.