मावशीच्या घराचा मालक महादेव

काशीला निघताना नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, बॅगेत गंगाजलासाठी रिकामा गडू ठेवला आणि मी मोजमापाची टेप ठेवली. ती यात्रेला निघाली होती, मी घरपट्टीच्या कामाला. कोकण किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेच्या कर विभागात मी उभी हयात काढली. उंबऱ्यावरून नजर टाकून घराची घरपट्टी सांगणारा माणूस अशी गावात माझी ख्याती होती, निदान तशी मी समजूत करून घेतली होती. म्हणून कुसुममावशीचा फोन आला तेव्हा मला काळजी वाटायच्या आधी थोडा आनंदच झाला.

"वसंता, तू ये," मावशी म्हणाली. "बात अशी आहे, की माझं घर मंदिर झालंय."

कुसुममावशी माझ्या आईची सर्वांत धाकटी बहीण. पिढ्यान् पिढ्या काशीत असलेल्या मराठी घरात ती दिली. मुलींच्या शाळेत तिने संस्कृत शिकवलं, मूलबाळ झालं नाही, आणि गेल्या हिवाळ्यात काका वारले. काकांच्या जागी आपलं नाव लावून घ्यायला आणि हाउस टॅक्स (आपली घरपट्टी) भरायला ती गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की या घराला करच नाही, कारण ते देवस्थान आहे.

गाडीत बसल्या बसल्या मी मोबाइलवर तिच्या घराची नोंद शोधायला घेतली. काशीतल्या घराचा क्रमांक म्हणजे अक्षर, आकडा, तिरकी रेघ, परत आकडा, आणि मध्येच कुणा भावाभावांची वाटणी झाली असेल तर शेवटी आणखी एक अक्षर. तो टाकला की संकेतस्थळ वाकडीतिकडी अक्षरं दाखवून मी माणूसच आहे ना याची खात्री मागायचं. इटारसीपर्यंत मी माणूस ठरलो नाही. मग समोरच्या बाकावरच्या मुलीने अक्षरं वाचून दिली आणि पान उघडलं. भवन स्वामी, श्री महादेव जी. पित्याचं नाव, उपलब्ध नाही. देय कर, शून्य.

"चुकीचं काय आहे त्यात?" नलिनीने विचारलं. "काशी त्यांचीच आहे."

बनारसला उतरलो तेव्हा धुकं इतकं होतं की रिक्षावाला मधूनमधून उतरून रस्ता असल्याची खात्री करत होता. मावशीचं घर अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत. चिंचोळं, तीन मजली, वरच्या दोन खोल्यांत विद्यापीठात शिकणाऱ्या मुली भाड्याने राहतात. चौकात एक लहानशी पिंड. काकांच्या वडिलांनी नळासाठी खणलं तेव्हा ती सापडली होती. घरपट्टीच्या सर्वेक्षणाला मध्यंतरी आलेल्या माणसाने दारातून आत पाहिलं, मावशी घंटा वाजवत होती, त्याने मोबाइलवर 'धार्मिक' दाबलं आणि तो पुढच्या घराकडे वळला.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत शिरलो तर चौकात अनोळखी माणसं दर्शन घेत होती आणि भिंतीवर कुलूप लावलेली दानपेटी होती. एका बाईंनी पिंडीला नमस्कार केला, मागे फ्रीजवर गणपतीचं स्टिकर दिसलं म्हणून फ्रीजलाही केला आणि प्रदक्षिणेला जागा शोधत त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे मावशी आमच्यासाठी चूडा-मटर (तुपात परतलेले पोहे आणि ओले वाटाणे) करत होती. बाईंनी प्रसाद म्हणून हात पुढे केला. मावशीने त्यावर चमचाभर ठेवलं.

"रोज असंच चालतं?" मी विचारलं.

"सकाळपासून रात्रीपर्यंत दार बंद करायचं नाही, असं दुबेजी म्हणतात. ही त्यांनी कमिटी बनवलीय. मंदिर माझं नाही ना आता, सगळ्यांचं आहे." ती वाटाणे हलवत राहिली. "परसों मी केस विंचरत होते. एक गृहस्थ मला माताजी म्हणून पाया पडले आणि माझा फोटो काढून गेले."

शेजारचे दुबेजी साड्यांचे व्यापारी. संध्याकाळी ते स्वतः भेटायला आले. आवाज असा गोड, की समोरच्याला आपणच उद्धट आहोत असं वाटावं. "भाईसाहब, लोग टैक्स माफ कराने के लिए कहाँ-कहाँ नहीं जाते," ते म्हणाले. "यहाँ भोलेनाथ ने घर बैठे माफ कर दिया. माताजी ऊपर वाला कमरा रखें, आराम से रहें. नीचे की चिंता कमिटी करेगी."

मावशीला तिच्याच घरातली खोली देऊ करून ते निघून गेले. रात्री जेवताना मावशी ताटाकडे बघत म्हणाली, "आज वरची खोली. उद्या म्हणतील, माताजी, वृद्धाश्रम चांगला आहे." तेव्हा माझी गंमत संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाबूने शांतपणे समजावलं की देवाच्या नावावरचं घर माणसाच्या नावावर करायचं तर फेरतपासणी हवी, ती करतील निरीक्षक पांडेजी, आणि पांडेजी आज रामनगरला गेलेत. खिडकीच्या त्या बाजूला मी इतकी वर्षं बसलो, पण ती खिडकी एवढी खाली असते आणि बाहेरच्याला बोलण्यासाठी कमरेत वाकावं लागतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

नलिनी म्हणाली, रामनगर तर रामनगर. नावेतून पलीकडे गेलो. नावाड्याने प्रत्येक घाटाची माहिती सांगितली, धुक्यामुळे एकही घाट दिसत नव्हता. रामनगरच्या बाजारात मलईचा जाड थर घातलेली लस्सी प्यालो. लस्सीवाल्याकडे चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "पांडेजी? अभी तो यहीं थे. बनारस निकल गए." त्यांच्या नावे मी आणखी एक लस्सी प्यालो. परतल्यावर घसा बसला, आणि पुढचे दोन दिवस काशीत मी मौन पाळलं असं नलिनी गावी सगळ्यांना सांगते.

अखेर पांडेजी आले. वयाने तरुण, कानटोपी घातलेले, हातात टेप. त्यांना पाहून मला माझा माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्यांच्या आधी दुबेजी हजर होते. त्यांनी गल्लीतली आठदहा माणसं, झेंडूच्या माळा आणि एक स्पीकर आणला होता. पिंड फुलांनी इतकी झाकली होती की पांडेजींना ती दाखवावी लागली.

"यहाँ कब से आम लोग दर्शन करते हैं?" त्यांनी विचारलं.

"सदियों से," दुबेजी म्हणाले.

"इस महादेव का नाम क्या है?" हे मावशीने विचारलं, वर्गात विचारावं तसं. काशीत प्रत्येक महादेवाला स्वतःचं नाव असतं. कमिटी एकमेकांकडे बघू लागली. दुबेजी म्हणाले, "प्राचीनेश्वर."

पांडेजींनी ते लिहूनही घेतलं. मी घाबरलो. मग बसक्या आवाजात, एक कर्मचारी दुसऱ्याला विचारतो तसं, मी विचारलं, "सर, सार्वजनिक मंदिर हुआ तो भक्तों के लिए रास्ता खुला रखना पड़ेगा ना? गली की असली चौड़ाई देखनी पड़ेगी?"

"बिल्कुल," म्हणत पांडेजी बाहेर गेले आणि त्यांनी टेप उलगडली. टेपचं एक टोक मी धरलं. ती दुबेजींच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन अडली. ओटा अर्ध्या गल्लीत आला होता आणि त्यावर साड्यांचं काचेचं कपाट उभं होतं. पांडेजींनी कपाटाकडे पाहिलं, मग दुबेजींकडे.

"वैसे," दुबेजी म्हणाले, "बचपन से हम तो इसे घर ही समझते आए हैं. माताजी के हाथ का खाना खाया है यहाँ." स्पीकर बंद झाला. दानपेटी मात्र ते स्वतः उचलून घेऊन गेले.

आता पांडेजी घर म्हणून मोजमाप करू लागले. जिना चढताना मी मावशीच्या कानाशी लागलो, "त्या मुली भाच्या आहेत म्हणून सांग. भाड्याच्या खोल्यांना जास्त कर लागतो." ही युक्ती मी आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

मावशीने माझा हात बाजूला केला. "बेटा, ये दोनों किरायेदार हैं. लिखिए."

"माताजी, टैक्स बढ़ जाएगा."

"बढ़ने दीजिए. लेकिन नाम मेरा लिखिए. पूरा नाम." आणि तिने ते सावकाश सांगितलं, लग्नानंतरचं, काकांच्या नावासकट. पांडेजींनी ऱ्हस्वदीर्घ विचारून ते लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी नलिनीने दशाश्वमेधला आरती पाहिली आणि गडू भरून घेतला. मी पायऱ्यांवर बसून गरम चहा पीत होतो. आजूबाजूला सगळे मोह सुटावा म्हणून हात जोडत होते, आणि मला मावशीचं नाव कागदावर आल्याचं समाधान झालं होतं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे वाक्य नोकरीत मी येईल त्याला ऐकवायचो. कायद्याने ते आजही खरंच आहे. पण ते ऐकून गप्प होणारी माणसं कशाच्या भीतीने गप्प होत असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता.

गावी आलो. जुने सहकारी भेटायला आले, गंगाजल घेतलं, आणि एकाने विचारलं, "मग, मावशीची घरपट्टी किती कमी करून आणलीस?" शून्य होती, ती लावून आणली, असं सांगितल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू निवृत्तीनंतर माणसाचं असं होतंच.

काही आठवड्यांनी बिल मावशीच्या नावावर आलं आणि तिने ते भरलं. दोन दिवसांनी दुपारी मी सहज फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. एकटी बाई, थंडीचे दिवस, मी बेचैन होऊन पांडेजींना फोन करणार एवढ्यात तिचाच आला.

"काय झालं होतं, मावशी?"

"काही नाही रे," ती जांभई देत म्हणाली. "दाराला आतून कडी लावली आणि झोपले."